एकवीस हात दोर

पेव उघडलं ते फेब्रुवारीतल्या एका रविवारी. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी तोंडावरचा दगड हलला. जागा : हुबळी-धारवाडच्या मधल्या नवनगरपलीकडच्या एका ले-आउटमधलं घर, तळमजल्यावरची पुढची खोली. आत नऊ वर्षांपूर्वी भरलेली ज्वारी होती. ती खोली माझ्याकडे भाड्यानं होती. दगड माझ्या पलंगापासून अडीच हातांवर होता. पेवाचे मालक तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते. त्यानंतर सात महिन्यांनी ते गेले.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. आकार सुरईचा, तोंड अरुंद आणि पोट रुंद. आतून कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, वर पुन्हा कडबा आणि मातीचा थर, तोंडावर दगड. कन्नडमध्ये हगेव म्हणतात. धारवाडच्या आसपास पूर्वी गावागावांत पेवं होती. आता एखाद्या बांधकामावर जेसीबीचं चाक अचानक खचलं, की तिथे पेव होतं हे कळतं.

सगळे त्यांना अप्पा म्हणत. मीही अप्पाच म्हणत असे.

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझी नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही, लग्नाचंही विचारलं नाही. प्रश्न एकच होता.

"पलंग हाय?"

"आहे."

"पश्चिमेच्या भितीला लावायचा. ह्या दगडावर पलंग न्हाई, चप्पल न्हाई, पाण्याची बादली न्हाई. बाकी खोली तुमची."

खोलीच्या मधोमध, फरशी कापून, एक चौकोनी काळा दगड बसवलेला होता.

"याखाली काय आहे?"

"ज्वारी," अप्पा म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

तो सगळा ले-आउट म्हणजे एकेकाळचं अप्पांचं आणि त्यांच्या दोन भावांचं शेत. भावांनी विकायचं ठरवलं, तेव्हा अप्पांनीही सही केली. हे ते कधी लपवत नसत. "मीबी सही केली. त्यात झाकायचं काय?" फक्त खळ्याची जागा त्यांनी सोडली नाही. तिथेच घर बांधलं, आणि ते असं बांधलं की पेवाचं तोंड पुढच्या खोलीत यावं. घर बांधणाऱ्या कंत्राटदारानं पेव बुजवायला सांगितलं होतं. अप्पांनी कंत्राटदार बदलला.

शेवटचं पीक निघालं त्या वर्षी त्यांच्या वाटणीची ज्वारी थोडी होती. पेव निम्मंसुद्धा भरलं नाही. निम्मं भरलेलं पेव टिकत नाही असं जुनी माणसं म्हणतात. अप्पांना हे ठाऊक होतं. तरी त्यांनी भरलं.

*

पहाटे साडेपाचला ते फिरायला निघत. रस्त्यानं नाही, बांधावरून. बांध तर उरले नव्हते, पण ते कुठून गेले होते हे अप्पांच्या पायांना पाठ होतं. त्यामुळे ते एका घराच्या फाटकातून आत शिरत, मोटारीच्या शेडमधून पलीकडे निघत, बागेतल्या नळाला वळसा घालत. एका ठिकाणी बांधावर कुणाचं तरी स्वयंपाकघर आलं होतं. अप्पा भिंतीपर्यंत जात, थांबत, घराला फेरी मारून बरोबर पलीकडच्या बाजूला उभे राहत आणि पुढे चालू लागत. सुरुवातीला लोक ओरडले. दोन वर्षांत ले-आउटमधल्या बेचाळीसपैकी अकरा घरांची फाटकं पहाटे नुसती लोटलेली राहू लागली. हा आकडा मी त्यांच्याबरोबर चालून मोजला आहे.

शेजारच्या वकीलसाहेबांचं फाटक मात्र कुलपात असे. अप्पा तिथे थांबत, कुलपाला हात लावत आणि परत फिरत.

प्लॉटचा नंबर त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही; ते शेताच्या तुकड्यांची जुनी नावंच घेत. एकदा गॅसवाल्याचा फोन आला, तेव्हा मी समोर होतो.

"कुठं येऊ आजोबा? नंबर सांगा."

"बाभळीचं टोक म्हाईत हाय?"

"नाही."

"खारीचा तुकडा?"

"नाही हो."

"मग तुझा बा कोण?"

पोरानं बापाचं नाव सांगितलं. अप्पा म्हणाले, "त्याला फोन लाव आणि विचार, खळं कुठं होतं." दहा मिनिटांत सिलिंडर दारात होता. वर्षभरात त्या बाजूचे रिक्षावाले आपसात 'बाभळीचं टोक' म्हणू लागले. त्यातल्या एकानंही ती बाभळ पाहिलेली नाही.

मी ज्या वर्तमानपत्रात काम करत असे, त्याची कचेरी हुबळीत कोप्पीकर रोडवर. पावसाळ्यात अप्पा तिथे फोन करत. पावसाचे आकडे मिलिमीटरमध्ये छापतो यावर त्यांचा राग होता.

"मिलिमीटर पेरायचं कसं, सांग की. ओल किती गेली ते लिही."

पाऊस पडून गेला की ते परसात पहार रोवत आणि ओल बोटांनी मोजत. मग फोन : "चार बोटं. लिहून घे." एकदा जागा भरायची म्हणून मी ती ओळ खरोखरच टाकली. दुसऱ्या दिवशी अळणावरच्या बाजूच्या सहा शेतकऱ्यांचे फोन आले. आमच्याकडची ओल का नाही छापली, असं त्यांचं विचारणं होतं. संपादकांनी मला बोलावून घेतलं. पुढच्या पावसापासून ती ओळ रोज येऊ लागली आणि तो मोसम संपेपर्यंत आली.

धान्याच्या दुकानात अप्पा ज्वारीचा एक दाणा दाढेखाली धरत. कट् असा आवाज व्हायला हवा. आवाजावरून ते मळणी कधी झाली ते सांगत. दुकानदार आधी हसायचा. नंतर तो स्वतःचा माल घेण्याआधी अप्पांना बोलावू लागला.

*

वर्षातून एकदा, मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, त्या दगडावर एक पणती लागे आणि शेजारी एक भाकरी. त्या दिवशी अप्पा डबा घेऊन बसनं हुबळीला जात. देवाचं काहीतरी असेल असं मी धरून चाललो होतो. दुसऱ्या वर्षी विचारलं.

"देव न्हवे," ते म्हणाले. "यल्लप्पा."

यल्लप्पा त्यांच्या आजोबांचा गडी. त्र्याहत्तर वर्षांपूर्वी, घरात लग्नाची माणसं जमलेली असताना, ज्वारी कमी पडली. पेव उघडलं. बंद पेवात घाण हवा साठते. ती बाहेर जायला वेळ द्यावा लागतो, दिवा आत सोडून बघावा लागतो. दिवा विझला तर माणूस उतरत नाही. त्या दिवशी दिवा सोडला नाही. आजोबा यल्लप्पाला म्हणाले, "उतर." तो उतरला आणि वर आला नाही.

"मी सहा वर्साचा. तिथंच हुतो," अप्पा म्हणाले. "आज्ज्याचा आवाज अजून कानात हाय."

यल्लप्पाची नात हुबळीत राहते. कुटुंब बौद्ध. ती सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाली. तिला सगळे अक्का म्हणतात. मी तिच्याकडे वेगळा जाऊन तीच हकिकत ऐकली. यल्लप्पाच्या बायकोनं तेव्हा मालकाकडून काहीही घेतलं नाही. तीन अटी घातल्या. यापुढे पेवात मालक आधी उतरेल. त्याच्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक आमच्या घराच्या हातात असेल, आणि दोर आमच्याकडेच राहील. वर येणारी पहिली पाटी आमची.

अर्थ असा की त्यांच्या दोराशिवाय पेव उघडताच येत नव्हतं. तीन पिढ्या हा नेम मोडला नाही, हे दोघांनीही सांगितलं. एका मुद्द्यावर दोघांचं जुळत नाही. अप्पांच्या म्हणण्यानुसार आजोबांनी अटी लगेच मानल्या. अक्का म्हणाली, "लगेच कुठलं? वरीसभर न्हाई मानल्या. त्या सुगीला गावातला एक गडी त्यांच्या खळ्यावर गेला न्हाई. मग मानल्या." दोन्ही म्हणणी इथे दिली आहेत.

"अक्का, डबा घेता त्यांचा?" मी विचारलं.

"का घेऊ नको? दान न्हवे ते. आमच्या आज्जीनं मिळवलेलं हाय."

*

पेव उघडलं त्याच्या आदल्या महिन्यात, जानेवारीत, वकीलसाहेबांच्या कुंपणभिंतीला भेग गेली. धारवाडच्या जुन्या मराठी घरातले ते, बोलणं स्वच्छ आणि मुद्देसूद. त्यांचं म्हणणं असं : शेजारच्या घराखाली पोकळी आहे, त्यामुळे पाया खचतोय, पेव काँक्रीट घालून बुजवावं, नाहीतर लेखी तक्रार करू.

अप्पा म्हणाले, "वकीलसाहेब, तुमी खारीच्या तुकड्यात राहताय. ती काळी माती. उन्हात तोंड उघडते, पावसात मिटते. माझं खळं मुरमावर हाय. माझ्या भितीला एक भेग दाखवा."

भेग नव्हती. तीन बाजूंनी पाहूनही सापडली नाही. तरी वकीलसाहेब हटेनात.

"अप्पा, आत काय आहे ते तुम्हाला तरी माहीत आहे का? नऊ वर्षं. अर्धवट भरलेलं. कुजलेला कचरा असणार. त्या कचऱ्यासाठी आमच्या भिंती पाडायच्या?"

कचरा हा शब्द अप्पांना लागला. माझ्यासमोर कागद झाला, मजकूर वकीलसाहेबांनी स्वतः लिहिला : पेव उघडावं, धान्य कुजलेलं निघालं तर मालक ते काँक्रीटनं बुजवतील, खाण्याजोगं निघालं तर तक्रार कायमची मागे. दोघांच्या सह्या झाल्या, साक्षीदार मी. ते पेव सोडलं तर त्या शेताची जमिनीवर दुसरी खूण उरली नव्हती.

अप्पा रात्रीचं जेवेनात. त्यांच्या सुनेनं मला जिन्यात गाठून विचारलं, "खरंच कुजलं असंल काय हो?" मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

*

रविवारी सातला अक्का सिटी बसनं आली. एका पिशवीत दोर, दुसरीत रक्तदाब मोजायचं यंत्र. माझा पलंग बाहेर काढला होता. अंगणात पंचवीसेक माणसं जमली. दगड हलवल्यावर दारं-खिडक्या सताड उघडून सगळे बाहेर आले.

अक्कानं आधी अप्पांचा दंड मागितला.

"एकशे सत्तर. उतरायचं न्हाई."

"पेवाला माझा बीपी कशाला?"

"पेवाला नको, मला पायजे. दोर माझ्या हातात हाय."

आठ वाजता अप्पांनी तारेच्या शिंकाळ्यात करडईच्या तेलाची पणती ठेवली आणि ती आत सोडू लागले. सोडताना ते मोठ्यानं म्हणाले, "यल्लप्पा, दिवा येतोय. सांभाळून घे." सहा हातांवर पणती विझली.

मग कडुलिंबाचा डहाळा दोरीला बांधून पेवात वर-खाली करायचं काम सुरू झालं, विहिरीतून पाणी शेंदावं तसं. आतली हवा अशी हलवून बाहेर काढतात. लोक पाळीपाळीनं ओढत होते. वकीलसाहेबांनीही सदऱ्याच्या बाह्या वर करून पाळी घेतली. साडेनऊला दुसरी पणती ज्वारीवरच्या मातीच्या थरापर्यंत गेली, थोडा वेळ तेवली आणि विझली.

वकीलसाहेबांनी खिशातून टॉर्च काढला आणि वाकून आत मारला. "अहो, लख्ख दिसतंय तळापर्यंत. एवढा वेळ कशाला घालवायचा? उतरा की!"

अप्पांनी वकीलसाहेबांकडे पाहिलं. उत्तर अक्कानं दिलं.

"वकीलसाहेब, बॅटरीला श्वास घ्यावा लागत न्हाई."

वकीलसाहेबांनी टॉर्च बंद केला आणि पुन्हा डहाळ्याची दोरी हातात घेतली. त्यानंतर अर्धा तास त्यांनी ती दुसऱ्या कुणाला दिली नाही.

तिसरी पणती अकरा वाजून पाच मिनिटांनी सोडली. नेम असा की उतरणाऱ्यानं विड्याचं पान तोंडात घालायचं आणि ते चघळून संपेपर्यंत दिवा तेवला पाहिजे. अप्पांनी पान घातलं. सगळे त्यांच्या जबड्याकडे आणि पेवाच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होते. पान संपलं. पणती तेवत होती.

अक्कानं पुन्हा दंड मागितला. "एकशे अठ्ठेचाळीस. आता उतरा."

अप्पांचा मुलगा पुढे झाला. "अप्पा, मी जातो. मीबी ह्या घरचाच न्हवं?"

"मी हाय तवर मालक मी. सरक."

अक्कानं दोर त्यांच्या कमरेला स्वतः बांधला, दोनदा ओढून पाहिला, दुसरं टोक आपल्या कमरेला गुंडाळलं आणि दाराच्या चौकटीला पाय लावून बसली. अडुसष्ट वर्षांची बाई. मागे अप्पांचा मुलगा दोर धरायला आला तर म्हणाली, "तू माझ्या मागं धर. म्होरं न्हाई." अप्पा पेवाच्या भिंतीतल्या खोबणींत पाय देत उतरले. डोकं दिसेनासं झालं. दोर हळूहळू सुटत गेला आणि थांबला.

आतून मातीचा थर फोडल्याचा आवाज आला, मग कडबा ओढल्याचा. मग काहीच नाही.

"अप्पा?" अक्का म्हणाली.

उत्तर नाही.

"अप्पा, बोला. न्हाईतर ओढते हं. माताड्री!" बोला, असं ती कन्नडमध्येही ओरडली. दोर तिनं ताणला.

"ओढू नको गं!" खालून आवाज आला. "दाणा चावायलोय!"

अंगणात हसू फुटलं. अक्का हसली नाही. दोर तिनं तसाच ताणून धरला.

पहिली पाटी अकरा चाळीसला वर आली. भिंतीला लागलेला वीतभर थर काळा पडला होता, तो अप्पांनी खालीच वेगळा केला होता. पाटीतली ज्वारी पिवळसर होती, कोरडी, आणि तिला वास होता : ओल्या मातीचा, आंबूस, जुन्या कडब्याचा.

वकीलसाहेबांनी मूठ नाकाशी नेली. "वास येतोय."

"पेवाचा वास हाय तो," वर आलेले अप्पा म्हणाले. त्यांच्या भुवयांत भुसा होता. "ह्यो नसला तर आमच्यात ज्वारीला ज्वारी म्हणत न्हवते."

"कागदावर 'खाण्याजोगं' असं लिहिलंय. ते ठरवायचं कुणी?"

"खाऊन ठरवायचं," अक्का म्हणाली. "पण ही पाटी माझी. दुसरी येऊ द्या, तिची भाकरी करा."

दुसऱ्या पाटीचं पीठ नवनगरच्या गिरणीत दळलं. दळताना गिरणीवाला बाहेर येऊन ही ज्वारी कुठली म्हणून विचारून गेला. भाकऱ्या वकीलसाहेबांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्या पत्नीनं थापल्या. अंगणात पंगत बसली. खर्डा, दही, कांदा. वकीलसाहेबांनी पहिली भाकरी खाल्ली. दुसरी मागून घेतली.

"वास?" मी विचारलं. मी साक्षीदार होतो.

"आहे," ते म्हणाले. "आहे म्हणून लिहा." आणि तिसरीसाठी ताट पुढे केलं.

सहा पोती चांगली ज्वारी निघाली. अर्धं पोतं टाकलं. संध्याकाळपर्यंत बेचाळीस घरी वाटप झालं. पुड्यांवर प्लॉटचे नंबर नव्हते. अप्पांनी नावं सांगितली, मी लिहिली : बाभळीचं टोक, लांबट, विहिरीचं वावर. वकीलसाहेबांच्या पुडीवर खारीचा तुकडा. त्यांनी ती वाचली आणि घेतली.

निघताना अक्का पहिली पाटी मांडीवर घेऊन रिक्षात बसली. दोर तिनं अप्पांपुढे धरला.

"पेव रिकामं झालं. आता भरायला रान न्हाई. दोर हितंच ठेवू?"

अप्पांनी हात मागे घेतले. "पेव हाय तवर दोर तुमचा."

सोमवारी वकीलसाहेबांनी तक्रार मागे घेतल्याचं एका ओळीचं पत्र दिलं. मंगळवारी पहाटे साडेपाचला त्यांचं फाटक लोटलेलं होतं. अप्पा आत शिरले तेव्हा मी बरोबर होतो. बांध त्यांच्या तुळशीजवळून जातो.

*

अप्पा सप्टेंबरात गेले. डिसेंबरात मी ती खोली सोडली. गेल्या महिन्यात कामासाठी त्या बाजूला गेलो, तेव्हा घर पाहून आलो. वकीलसाहेबांच्या भिंतीची भेग होती तशीच आहे. पुढच्या खोलीत नवे भाडेकरू आहेत, नवरा-बायको. त्यांचा पलंग पश्चिमेच्या भिंतीला लागून आहे.

तिथून हुबळीला अक्काकडे गेलो. दोर तिच्या बाहेरच्या खोलीत, खुंटीला, वेटोळं करून टांगलेला होता. वर्षातून दोनदा उन्हात घालते, असं तिनं सांगितलं. मी मोजायची परवानगी मागितली. तिनं दिली. एकवीस हात भरला.